भोंग्यात न मावलेली धून

आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. माझे वडील, आबा, ती लिहायचे, छापून आणायचे आणि घड्या घालायला आम्हाला बसवायचे. 'जाहीर सभा' आणि 'बहुसंख्येने उपस्थित राहा' वाचतच मला अक्षरं लागली. त्यामुळे पेठेतलं जुनं वाचनालय पाडून तिथे दुकानगाळे काढायचं घाटतंय असं कळलं, तेव्हा घरात नेहमीचंच घडलं. सभा ठरली, पत्रक छापलं आणि गल्लोगल्ली पुकारायला भोंग्याची रिक्षा सांगितली. मागच्या सभेला खुर्च्याच जास्त होत्या. या वेळी माणसं आली नाहीत तर वाचनालय गेलंच, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अडलं ते रिक्षावर वाजवायच्या गाण्यावर. बैठकीत एकाने सिनेमाच्या चालीवर शब्द बसवून आणले होते. मी उठून म्हणाले, "लोकांच्या हक्काची जागा वाचवायला निघालोय आणि चाल दुसऱ्याची उचलायची?"

"मग तू कर की," आबा म्हणाले. "रविवारी सकाळी रिक्षा निघंल. तवर झालं तर तुझं, न्हाय तर सिनेमाचं."

मी चोरीचं सॉफ्टवेअर वापरत नाही आणि कुणी करून ठेवलेले तयार ठेकेही घेत नाही. त्यामुळे हाताशी होते लॅपटॉपवर आवाज घडवणारे, फुकट मिळणारे दोन सिंथेसायझर आणि कॉलेजपासूनचा लॅपटॉप. सगळ्यात खाली मी एक जाड, गोल स्वर घातला. त्यावर तोच स्वर पुन्हा, पण किंचित उतरवलेला, म्हणजे दोन्ही एकमेकांना घासून थरथरतात. नुसत्या खरखरीचे तुकडे करून हलगीच्या जवळ जाणारा ठेका बनवला. त्यावर हळूहळू उघडत जाणारा लांब सूर आणि सर्वांत वर चार स्वरांची छोटी चाल. सांगायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात नवा थर चढवला की आधीचा बुडायचा. त्याला वर काढलं की ठेका मऊ पडायचा. सगळं जमलंय असं वाटेपर्यंत लॅपटॉप फटफट करून अडकायचा. दीड मिनिटाच्या धुनीसाठी मी सगळ्या घरावर खेकसत होते.

"एवढ्यात माझ्या सगळ्या गल्लीच्या भाकरी झाल्या असत्या," आई म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी एकदाची ती उभी राहिली. हेडफोनमध्ये खालचा स्वर छातीत उतरत होता. वाचनालयाची जड लाकडी कपाटं सरकतायत असंच वाटायचं, आणि मला तेच हवं होतं.

रविवारी आबांसोबत रिक्षात बसून मी मोबाईल भोंग्याला जोडला आणि धून लावली. रिक्षावाले मामा थोडा वेळ वाट बघत राहिले. मग मागे वळून म्हणाले, "ताई, चालू झालंय न्हवं?"

चालू झालं होतं. रिक्षावरच्या त्या पत्र्याच्या भोंग्यातून जाड आवाज बाहेर पडतच नाहीत. खालचे दोन्ही थर गेले होते, लांब सूर गेला होता, ठेक्याची नुसती खसखस उरली होती. जन्मभर त्या भोंग्याखाली वाढलेली मी, आणि सगळी धून हेडफोन लावून केली.

"सिनेमाचं हाय माझ्याकडं," आबांनी खिशात हात घातला.

"थांबा."

लॅपटॉप मांडीवर घेऊन मी एकेक थर बंद करत गेले. रागाने डोळ्यांत पाणी येत होतं. शेवटी चार स्वरांची चाल उरली. ती वरच्या सप्तकात नेली, घंटेसारखी टणटणीत केली, मोबाईलवर घेतली आणि मामांना म्हणाले, "चला."

पहिल्या गल्लीत वळलो आणि दारं उघडू लागली. बायका बाहेर येत होत्या, एक आजोबा बनियनवर धावत आले. मला क्षणभर वाटलं, पोचलं. मग त्यांच्या हातातल्या बादल्या दिसल्या. ओल्या कचऱ्याची हिरवी, सुक्याची निळी.

"आज रविवारची कशी काय आली घंटागाडी?" एक मावशी विचारत होत्या.

मी पटकन आवाज बंद केला. आबा मात्र खाली उतरून पत्रकं वाटत सुटले होते. बादली डाव्या हातात धरून मावशींनी पत्रक घेतलं. "वाचनालय पाडणार? आन् सांगायचं न्हाय व्हय आधी? आमची पोरगी तिथंच बसती की अभ्यासाला." बाकीच्या त्यांच्याभोवती जमल्या. बादल्या खाली ठेवून चर्चा सुरू झाली.

आबा रिक्षाशी आले. "उभा जन्म दारं वाजवत फिरलोय मी. आज माणसं आपणहून भाईर आल्यात, आन् तू तोंड पाडून बसलीस."

"आबा, ती कचरा टाकायला आलीत. माझं गाणं कुणी ऐकलेलंच नाही."

"सभेला ऐकव की सगळं. मोठे स्पीकर लावूया." मग ते मामांकडे वळले. "पुढच्या गल्लीत घ्या. आन् हेच वाजवा, दुसरं काय नको."

माझं तत्त्व शाबूत होतं. चाल माझी होती, एकही स्वर उसना नव्हता. तरी ती पुन्हा सुरू करताना बोट जड झालं. पुढच्या वळणावर पहिली बादली दिसली, तशी मी लॅपटॉप मिटला, आबांच्या हातातली निम्मी पत्रकं ओढून घेतली आणि रिक्षा थांबायच्या आत खाली उतरले.