भाऊंनी शिकवलेली संस्कृती आणि आमचा नळ

मैत्रिणींनो, पाणी भरून झालं, पण डोकं अजून शांत नाही, म्हणून लिहायला बसले.

आज दुपारी मुकुंदवाडीत, आमच्या गल्लीच्या तोंडाशीच, महिला मेळावा होता. पाहुणे म्हणून आलेले आमदार. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. आज आमचा पाण्याचा दिवस, म्हणून मी ऑफिसात हाफ डे टाकून घरी आले होते. ड्रम धुऊन ठेवले आणि नळ येईपर्यंत मंडपात जाऊन बसले.

भाऊ सांगत होते, बाईनं नोकरीच्या फार मागं लागू नये, जीन्स घालू नये, घराला घरपण तिच्यामुळंच असतं. मी जीन्स घालूनच बसले होते.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "नळ आले." दोन मिनिटांत जवळजवळ सगळा मंडप रिकामा. मीही उठले.

भाऊ माईकवर खूश. "बघा, ही घराची ओढ. हेच आपले संस्कार."

शेजारच्या शांताकाकू मात्र पदर खोचत जागेवर थांबल्या. म्हणाल्या, "संस्कार नाय भाऊ, आठ दिवसांनी पाणी आलंय. तुमच्या घरी कोण भरतंय?"

भाऊ हसले आणि सत्काराची शाल नीट करत बसले.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. आम्हाला घरात बसवायला भाषणाची गरजच काय? ते काम नळ कधीपासून करतोय. आणि भाऊंवर चिडता चिडता लक्षात आलं, हाफ डे कोण टाकणार हे आमच्या घरात आजही कुणी विचारलं नव्हतं.

तुमच्याकडं विचारतात का?