रविवारचं संशोधन

त्या गृहस्थांचा मला पहिल्या भेटीतच राग आला होता आणि तो अजून उतरलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी समतोल राखत नाही अशी तक्रार नको.

वाघोलीत, नगर रस्त्यापासून जरा आत आमची सोसायटी आहे. उंच इमारती, टँकरचं पाणी आणि तळमजल्यावर दुकानांच्या रांगेत माझा दवाखाना. मी साधी फॅमिली डॉक्टर. ताप, खोकला, प्रेशर, साखर, थायरॉइड. ते गृहस्थ रसायनांच्या एका कारखान्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. ताठ चाल, कडक इस्त्रीचा शर्ट आणि इतकं शुद्ध बोलणं, की ऐकताना आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटावं. दर रविवारी सकाळी ते क्लबहाउसमध्ये आरोग्यावर बोलायचे. सगळे त्यांना 'सर' म्हणायचे.

पहिल्यांदा ते दवाखान्यात आले ते तपासून घ्यायला नव्हे. समोर बसले आणि इंटरनेटवरून छापून आणलेले कागद माझ्या टेबलावर ठेवले.

"आपण हे वाचलंय का, डॉक्टर?"

आहार बदलून मधुमेह आटोक्यात येतो, औषधं सुटतात, अशी ती बातमी होती.

"बातमी वाचलीय. ज्यावरून ती लिहिलीय तो मूळ शोधनिबंधही वाचलाय," मी म्हणाले.

"मग आपण पेशंटना हे सांगत का नाही?"

"ज्यांना लागू आहे त्यांना सांगते."

"लागू?" ते हसले. "विज्ञान माणूस बघून लागू होत नसतं. गुरुत्वाकर्षण काय कोणाला सूट देतं?"

मी नीट समजावून सांगितलं. अभ्यासातली माणसं जास्त वजनाची होती. त्यांचा मधुमेह नवा होता. कोणीही इन्सुलिनवर नव्हतं आणि सगळे सतत डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. कुठलंही संशोधन हातात आलं की पहिला प्रश्न विचारायचा, हे कोणावर करून पाहिलं? त्यांनी सगळं ऐकून घेतलं, लहान मुलीचं भाषण ऐकावं तसं. "आपला वेळ घेतला," म्हणून उठले. पुढच्या रविवारी त्यांनी क्लबहाउसमध्ये सांगितलं, काही डॉक्टर वाचत नाहीत, आणि वाचलं तर लपवतात. ते मला त्याच संध्याकाळी लिफ्टमध्ये कळलं. सांगणाऱ्या बाईंना माझा चेहरा बघायचा होता.

त्यांच्या समोर पहिल्या ओळीत बसणारी एक मुलगी माझी पेशंट होती. मी मुलगी म्हणते खरी, पण ती तिशी उलटलेली, जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. अकोल्याकडची, इथे आईबरोबर राहायची. अंगाने काडी. साखर निघाली तेव्हा आधी कोणीतरी गोळ्या दिल्या होत्या, त्यांचा काही उपयोग झाला नाही. मी वेगळी तपासणी करून घेतली. तिचं शरीर स्वतःच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारत होतं. हा वेगळा मधुमेह. त्यात बाहेरून इन्सुलिन घेण्याला पर्याय नाही. ती रोज जेवणाआधी टोचून घ्यायची, कॉलेजात असली की बाथरूममध्ये दार लावून.

एके दिवशी तिने विचारलं, "मॅडम, हे कधी थांबणार?"

"थांबणार नाही."

"सर म्हणतात थांबतं. बाहेरून दिलं की शरीर आळशी होतं म्हणतात."

"सर ज्याबद्दल बोलतात तो तुझा आजार नाही. एक इंजेक्शनही चुकवायचं नाही. कळलं?"

तिने मान हलवली. मला ते मान हलवणं आवडलं नव्हतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी, सकाळी दवाखाना उघडतानाच तिची आई दारात. "डॉक्टरबाई, कालपासून पोरगी उलट्या करून राहिली जी. बाहेरचं काही खाल्लं असंन." मी वर गेले. मुलगी पलंगावर टेकून बसली होती आणि धावून आल्यासारखी खोल, जोरात श्वास घेत होती. तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास. साखर मोजायच्या यंत्राने आकडा दाखवलाच नाही, फक्त 'हाय', म्हणजे मोजण्यापलीकडची, असं लिहून आलं.

"इन्सुलिन कधी घेतलंस?"

तिने आईकडे पाहिलं. आईच बोलली, "बंद केलं ना जी. सरांनी आधी कमी कराले लावलं, मग बंद. मेथीचं पाणी देऊन राहिले, अन् उपास."

मी तिला माझ्याच गाडीत घातलं. सकाळची वेळ, नगर रस्ता तुंबलेला. पुढे टँकर, मागे कॉलेजच्या बसगाड्या. ती मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून तसेच श्वास घेत होती, आणि मी स्टिअरिंग धरून त्या गृहस्थांना मनातल्या मनात अशा शब्दांत बोलत होते, जे मी आयुष्यात तोंडाने उच्चारलेले नाहीत. खराडीच्या हॉस्पिटलात तिला थेट अतिदक्षता विभागात घेतलं. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं.

ती वाचली. शुद्धीवर नीट आल्यावर मी भेटायला गेले. मला वाटलं होतं रडेल. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आता म्हणा, 'मी सांगितलं होतं' म्हणून."

"मी काही म्हणाले का?"

"सर तासभर बोलायचे माझ्याशी. सगळे प्रश्न ऐकायचे. तुम्ही दाराकडे बघत बोलता. पुढचा पेशंट, पुढचा पेशंट."

"त्यांनी तुला मारलं असतं."

"हो. पण ऐकून घेऊन."

मला तेव्हा तिचाही राग आला. अजूनही मला तिचं म्हणणं मान्य नाही. बाहेर माणसं तापाने फणफणत बसलेली असतात. पण ती सलाइन लावून पडली होती, म्हणून मी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "रविवारी मी क्लबहाउसमध्ये जाणार आहे. तुझं नाव न घेता सांगितलं तर चालेल?"

"नाही. अख्ख्या सोसायटीला कळेल."

त्यामुळे माझ्याकडची सर्वांत मोठी गोष्ट मला घरीच ठेवून जावं लागलं. रविवारी मी मागच्या खुर्चीत बसले. गृहस्थ फळ्यावर बाण काढून स्वादुपिंड समजावत होते. तिची खुर्ची रिकामी होती, हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसलं नाही. प्रश्नांची वेळ झाल्यावर मी उठले.

"तुम्ही ज्या अभ्यासाचा आधार देता, त्यात इन्सुलिन घेणारे किती जण होते?"

"तपशिलात शिरलं की तत्त्व निसटतं, डॉक्टर."

"एकही नव्हता. मग इन्सुलिनवरच्या माणसाला ते बंद करायला तुम्ही कशाच्या जोरावर सांगता?"

"मी सांगत नाही. मी विचार करायला लावतो." मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "त्यांचंही बरोबर आहे म्हणा. माणसं बरी झाली तर दवाखान्यात कोण जाईल?"

लोक हसले. ज्यांच्या मुलांच्या उलट्या-जुलाबांसाठी मी सुट्टीच्या दिवशीही जिने चढले होते, तेही हसले. माझे कान तापले. मी म्हणाले, "औषध बंद करून माणूस मेला तर तुम्ही काय कराल? पुढच्या रविवारी त्याच्यावर बोलाल?"

"हा आपल्या वयाला शोभणारा आरोप नाही," ते म्हणाले. "औषध ही सवय आहे. ती ज्याची त्याने मोडायची असते. मी स्वतः याचं उदाहरण आहे."

दारापाशी त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. गोल चेहऱ्याच्या, कधी फारशा न बोलणाऱ्या. त्या कधी आल्या कोणाला कळलं नव्हतं. त्या तिथूनच म्हणाल्या, "अहो, तुमची प्रेशरची गोळी राहिलीय सकाळची. अन् ती हृदयाचीही. आधी घेऊन जा, मग बोला."

गृहस्थांच्या हातात खडू तसाच राहिला. "मी नंतर घेईन," ते हळू आवाजात म्हणाले.

"नंतर विसरता. मागच्या वेळी चक्कर आली होती." पत्नीच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. की होता? मी आजवर ठरवू शकलेले नाही. मागे कोणीतरी खुदकन हसलं, आणि मग खुर्च्या सरकवण्याचे आवाज सुरू झाले.

रविवारची बैठक काही दिवस चालली, माणसं मात्र रोडावत गेली. मग तिथे हास्ययोग सुरू झाला. गृहस्थांनी माझ्या दवाखान्याची पाटी नियमापेक्षा मोठी असल्याची तक्रार व्यवस्थापन समितीकडे केली. मी पाटी कापून घेतली. लिफ्टमध्ये समोरासमोर आलो की ते मजल्यांचे आकडे वाचत राहतात आणि मीही वाचते.

मुलीने डॉक्टर बदलला. येरवड्याला कोणाकडे तरी जाते असं तिच्या आईने सांगितलं. मी म्हणाले, बरं झालं. मनातून झोंबलं होतं.

पावसाळा संपता संपता एका दुपारी ती दवाखान्यात आली. अंग थोडं भरलं होतं. बसण्याआधीच म्हणाली, "बाहेर कोणी नाही. बघून आलेय. मला प्रश्न विचारायचेत आणि तुम्ही दाराकडे बघायचं नाही."

"विचार."

तिने पेशी का मरतात विचारलं. मूल झालं तर त्याला होईल का, मूत्रपिंडं किती वर्षं टिकतील, जगात कुठे यावर खरंच काही शोधलं जातंय का, आणि त्यातलं किती तिच्या हयातीत इथवर येईल, तेही विचारलं. जे ठाऊक होतं ते मी सांगितलं. बऱ्याच ठिकाणी 'माहीत नाही' म्हणाले, आणि कोणालाच माहीत नाही तिथे तसंही सांगितलं.

"सर कधी माहीत नाही म्हणाले नाहीत," ती म्हणाली.

"मग जा त्यांच्याकडे."

ती हसली नाही. पर्स उचलून उठली आणि "पुढच्या महिन्यात याच वेळेला," एवढं सांगून निघून गेली.