पुरं झाल्याची खूण

कुणी "झालं" म्हटलं की तिचा जीव टांगणीला लागायचा. गॅस बंद केला म्हटलं तरी ही उठून बघणार. "तुझ्या आईला स्वर्गातही पोचपावती लागेल," नवरा लेकीला म्हणायचा.

तिचा धंदाच तसा. पडद्यावर चित्र काढणाऱ्या चिपसाठी ती ड्रायव्हर, म्हणजे चिपला कामं सांगणारा प्रोग्राम, लिहायची. ड्रायव्हरने चिपला काम द्यायचं, 'झालं' अशी खूण येईपर्यंत थांबायचं, मगच नवं चित्र दाखवायचं. चिप अडकली आणि खूण आलीच नाही, तर थोडं थांबून काम फसल्याचं कळवायचं.

या वेळचे पडदे रुग्णालयांत, अतिदक्षता विभागात लागणार होते. ड्रायव्हर आजच पाठवायचा होता. जेवणाच्या सुट्टीत तिने चाचणीचा पडदा पाहिला. नाडीची रेघ क्षणभर थबकली आणि एकदम पुढे सरकली. तिने डबा बाजूला सारला.

कोड उघडताच सापडलं. चिप अडकली की ड्रायव्हर तिच्या वतीने 'झालं' म्हणून मोकळा होत होता. ओळ तिचीच, गोठलेला पडदा सोडवायच्या घाईत लिहिलेली, मग नीट करू म्हणून राहून गेलेली.

"साहेब, आज नको पाठवायला."

"ताई, सगळ्या चाचण्या पास आहेत. गिऱ्हाईक डोक्यावर बसलंय."

"चाचण्या फक्त 'झालं' आलं का, एवढंच बघतात. ते आपणच खोटं सांगतोय."

"कोणी लिहिलंय हे?"

"मी."

साहेब तिच्या टेबलाशी आले. "दाखवा."

तिने चिपला कधीच न संपणारं काम दिलं आणि चाचणीच्या यंत्रातून येणारी नकली नाडी बंद केली. तिच्या संगणकावरच्या खिडकीत 'झालं', 'झालं' येत राहिलं. पडद्यावर मात्र जिवंत माणसाचा आकडा तसाच, ठणठणीत.

साहेबांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. गिऱ्हाईकाला फोन लावला. पलीकडचा आवाज तिच्यापर्यंत येत होता. "नाही, आज नाही. चूक आमचीच आहे," ते म्हणत होते. मग फोनवर हात ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "आधीची आवृत्ती रुग्णालयांत चालू आहे. तिच्यात ही ओळ आहे?"

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. शोधताना दोनदा चुकीचंच उघडलं. अखेर जुनी आवृत्ती सापडली. ओळ त्यानंतर लिहिलेली होती.

"नाही गेली," ती म्हणाली. मग जुनी आवृत्ती पुन्हा एकदा उघडून बघू लागली.