आंबट फॉर्मालिन

दलेंदा मसमूदी चिडली की आवाज चढवत नसे. मेणाचं भांडं ओट्यावर जरा जोरात ठेवी, एवढंच. शेजारच्या खोलीत मी रक्ताच्या काचपट्ट्या रंगवत बसलेली असायचे. भांडं वाजलं की समजायचं, खरेदी खात्याकडून तिच्या पत्राला उत्तर आलंय, नाहीतर आलेलं नाही. दोन्ही वेळी भांडं सारखंच वाजायचं.

स्फाक्स शहरातल्या ज्या इस्पितळात आम्ही दोघींनी केस पांढरे केले, तिथे शस्त्रक्रियेत काढलेली प्रत्येक गाठ आधी दलेंदाच्या हाती यायची. ती गाठीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये मुरवायची, मेणात बसवायची, आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकत्या कापून काचेवर घ्यायची. डॉक्टर निदान करायचे ते त्या चकत्या बघून. उरलेला मेणाचा ठोकळा कपाटात जायचा. एकतीस वर्षांचे ठोकळे होते तिच्याकडे, प्रत्येकावर पेन्सिलीने घातलेला नंबर. डॉक्टरांच्या अक्षराला ती नावं ठेवायची, पण तिच्या नंबराला कुणी नावं ठेवली नाहीत.

तिचं भांडण एकाच गोष्टीशी होतं. फॉर्मालिन पडून राहिलं की आंबतं. त्यात योग्य ते क्षार घातलेलं तयार मिळतं, ते आंबत नाही. आमच्याकडे यायचं ते साधं, आणि पिंप उघडून महिना झाला की लिटमसची पट्टी लालभडक. दलेंदा ती पट्टी पत्राला टाचून खरेदी खात्याच्या सी मुन्सिफकडे पाठवायची. आमच्याकडे मानाने पुरुषाला सी म्हणतात, बाईला लल्ला.

एकदा सी मुन्सिफ स्वतःच खाली आले. म्हणाले, "लल्ला दलेंदा, डॉक्टरांना काचेखाली दिसतंय की नाही?"

"आज दिसतंय. पण आंबट पाण्यात पेशीच्या आतला धागा तुटतो. उद्या कुणाला आतलं बघायचं झालं तर?"

"उद्याचं उद्या. तुम्हाला मुरवायचंय ना? लिंबू काय, फॉर्मालिन काय, मुरतं सगळंच!" आणि हसत हसत जिना चढून गेले.

मग २००८ मध्ये तिने स्वतःच उपाय काढला. तिची धाकटी बहीण मोंजिया, तिचा नवरा हेदी गाबेसच्या रस्त्यावर जिन्यांसाठी संगमरवर कापायचा. जुन्या पुस्तकात दलेंदाने वाचलं होतं की संगमरवराचे खडे आंबटपणा खातात. हेदी म्हणाला, "ने की! पोतं भरून ने. माझ्या दारातला ढीग तरी हटेल." दलेंदाने खडे धुऊन पिंपाच्या तळाशी टाकले. दुसऱ्या महिन्यात पट्टी लाल झाली नाही. तिने मला हाक मारून ती पट्टी दाखवली, आणि त्या दिवशी पावाबरोबरची हरीसाची तिखट चटणी नेहमीपेक्षा जास्त वाढली.

साडेतीन वर्षं हे चाललं. मग विभागाला नवे प्रमुख आले. तपासणीत त्यांनी पिंपात पळी घातली, आणि खडखड ऐकून भडकले. "इस्पितळ आहे की बांधकाम? कुणी घातले हे दगड?" दलेंदाने समजावून सांगितलं, पट्ट्या दाखवल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि लेखी हुकूम काढला : पिंपात बाहेरची कुठलीही वस्तू टाकू नये. दोन वर्षांनी प्रमुख बदलून गेले. हुकूम भिंतीवर राहिला.

२०१४ मध्ये मोंजियाच्या छातीत गाठ निघाली. वय एक्केचाळीस. दलेंदाने त्या दिवशी कुणाला कामाला हात लावू दिला नाही. बहिणीची गाठ तिनेच मुरवली, तिनेच मेणात बसवली, त्याच भिंतीवरच्या हुकुमाखाली उभं राहून. रक्ताची तपासणी राजधानीला पाठवली होती. उत्तर आलं, की घराण्यातून चालत येणारा दोष नाही. आम्हाला हायसं वाटलं, पण मोंजियाला त्याचा काही उपयोग झाला नाही. दोन वर्षांत ती गेली.

तिसऱ्या दिवशी, लोक बसून असताना, हेदी एकदम बोलला, "रक्तात नाही म्हणता. मग आलं कुठून? माझ्या दगडाच्या धुळीतून आलं का? सांग ना दलेंदा, तू तर रोज तेच बघतेस." मोंजियाची मुलगी उल्फा तेव्हा चोवीस वर्षांची. ती बापाकडे बघत होती, आणि मग मावशीकडे.

त्यानंतर तीन वर्षांनी डॉक्टर शीराज़ कमून शिकून परत आली. हुशार, घाईची, आणि बोलायला साधी. तिला छातीच्या गाठींचे जुने ठोकळे हवे होते. पंचेचाळिशीच्या आतल्या ज्या बायकांच्या रक्तात घराण्याचा दोष सापडला नाही, त्यांचे. दलेंदाने विचारलं, "त्यांच्यात काय शोधणार?"

"गाठीला आवर घालणारं एक जनुक असतं," शीराज़ म्हणाली. "काही जणींचं ते जन्मापासूनच तुटलेलं असतं. या बायकांचं तसं नाही. यांचं धड आहे, अक्षर न् अक्षर जागच्या जागी. पण गाठीतल्या पेशींमध्ये त्याच्या तोंडाशी मिथाइलचे बारीक कण चिकटून बसतात. मग पेशी ते जनुक वाचतच नाही."

"म्हणजे माणूस धडधाकट, पण तोंडात बोळा कोंबलेला."

"अगदी तसंच."

"मग काढा की बोळा!"

शीराज़ ओशाळली. "रक्ताच्या काही आजारांत तसं औषध आहे, लल्ला. छातीच्या गाठीला ते अजून धड लागू पडत नाही. आधी कुणाकुणाला हे झालंय ते तरी कळू दे."

दलेंदाने एकशे शेहेचाळीस ठोकळे काढून दिले. त्यात मोंजियाचा होता. शीराज़ला तिने एवढंच सांगितलं, "हिचा निकाल मला हवा. हिची मुलगी विचारते."

दोन महिन्यांनी शीराज़ तणतणत आमच्या मजल्यावर आली. "पंच्याऐंशी ठोकळ्यांतून काही निघालं नाही! सगळा भुसा! चाचणीत आम्ही डीएनए एका तीव्र क्षारात भिजवतो, त्याने थोडा तुटतोच. पण इथे आधीच तुकडे झालेत. लल्ला दलेंदा, तुम्ही मेण किती तापवता? ठोकळे उन्हात ठेवले होते का?"

एकतीस वर्षांत तिच्या कामावर कुणी असं बोललं नव्हतं. मला वाटलं आता भांडं वाजणार. पण ती उठली, शीराज़च्या हातातली यादी घेतली आणि पेन्सिलीने प्रत्येक नंबरासमोर वर्ष लिहायला लागली. पाऊण तास पेन्सिल चालली. मग तिने यादी पुढे केली.

खडे पिंपात होते त्या साडेतीन वर्षांचे पंचावन्न ठोकळे, त्यातले बावन्न उत्तम निघाले होते. बाकीच्या वर्षांचे एक्क्याण्णव, त्यातले फक्त नऊ.

"मेण तेच," दलेंदा म्हणाली. "हात तेच. तापमान तेच. काय बदललं ते भिंतीवर लिहिलंय, वाचा."

शीराज़ने हुकूम वाचला. पुन्हा वाचला. मग खाली बसली आणि म्हणाली, "मला माफ करा."

"माफीचं काय करू? मोंजियाचा कुठल्या बाजूला आहे?"

शीराज़ला बघावंसुद्धा लागलं नाही. २०१४. तिने तरी त्या ठोकळ्याच्या चकत्या पुन्हा कापून घेतल्या, तीन वेळा चाचणी केली, तिसऱ्या वेळी स्वतः उभं राहून. हाती काही आलं नाही. जे एकसष्ट ठोकळे वाचता आले, त्यातल्या सतरा जणींचं जनुक शाबूत होतं आणि गप्प केलेलं होतं. मोंजिया अठरावी होती की नव्हती, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

उल्फा इस्पितळात आली तेव्हा मी तिथेच होते. मावशीला ती आमच्या बोलीत 'खालती' म्हणायची. ती म्हणाली, "खालती, म्हणजे आईला घराण्याचं नव्हतं हे नक्की ना?"

"रक्तात नव्हतं, हे नक्की. गाठीत काय झालं ते मला कळायला हवं होतं. नाही कळलं."

"का नाही कळलं?"

"मी फॉर्मालिन बदलू शकले नाही म्हणून."

"तुझी काय चूक त्यात?"

"चूक नाही म्हणून राग कमी होतो का, पोरी? चूक असती तर एक दिवस रडून मोकळी झाले असते." मग सूर बदलून, "तू दर वर्षी तपासणी करून घेणार. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. टाळलंस तर मी फरफटत आणेन." उल्फा हसली, थोडीशी.

शीराज़चा लेख एका परदेशी मासिकात छापून आला. शेवटी 'तांत्रिक कर्मचाऱ्यांचे आभार' होते. शीराज़ने दलेंदाचं नाव घातलं होतं, वरच्यांनी काढलं. पण त्या लेखाच्या जोरावर पुढच्या टप्प्यासाठी चांगलं, न आंबणारं फॉर्मालिन मिळालं. बारा डबे. ते एका कपाटात कुलूप लावून ठेवले, दारावर चिठ्ठी : फक्त संशोधनासाठी. रोजच्या बायकांच्या गाठी पूर्वीच्याच पिंपात.

दलेंदाने आठवडाभर त्या चिठ्ठीकडे बघितलं. मग नमुने नोंदवायला म्हणून किल्ली घेतली आणि रोज आलेली प्रत्येक छातीची गाठ कपाटातल्या डब्यातून मुरवायला लागली. कुणाला सांगितलं नाही, लपवलंही नाही. चार महिन्यांत बाराही डबे संपले आणि संशोधन थांबलं.

चौकशी झाली. सी मुन्सिफ, विभागाचे आताचे प्रमुख, शीराज़. "हे काय केलंत?" असं तिघांनी आळीपाळीने विचारलं.

"आज येणारी बाई पाच वर्षांनी कुणाच्या तरी अभ्यासात असेल," दलेंदा म्हणाली. "तेव्हा तिचा ठोकळा वाचता यायला हवा. नाहीतर तुम्ही कुलपात ठेवलंय ते कुणासाठी?"

तिला लेखी ताकीद मिळाली. ती तिने घडी घालून पिशवीत टाकली. बाहेर व्हरांड्यात शीराज़ने तिला गाठलं. खूप चिडली होती. "मला विचारायचं तरी! माझं काम वर्षभर मागे गेलं."

"मग तुम्ही लिहा पत्र. माझी एकोणीस झाली. सगळ्यांना तेच फॉर्मालिन द्या म्हणून लिहा. तुम्ही डॉक्टर आहात."

शीराज़ तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "पट्टी द्या. लाल झालेली."

पत्र गेलं. पट्टी टाचून, लेखाची प्रत जोडून, खाली दोघींच्या सह्या. अकराव्या आठवड्यात उत्तर आलं : टेंडर आधीच मंजूर झालेलं असल्याने विषय पुढील वर्षी विचारात घेण्यात येईल. शीराज़ने कागद टेबलावर आपटला आणि एवढ्या मोठ्याने बोलली की रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या.

दलेंदाने चष्मा लावून उत्तर सावकाश वाचलं. "अकरा आठवडे," ती म्हणाली. "मला चार-चार महिने लावायचे. बसा, पुढचं लिहू."