बाजार चौकातला सिग्नल

आमच्या शहरातले सगळे सिग्नल क्लाउडच्या, म्हणजे दूरच्या मोठ्या संगणकांच्या हुकमावर चालतात. परवा रस्ता खोदताना बाजार चौकाची केबल तुटली. तेव्हापासून तिथल्या खांबावरचा छोटा संगणक स्वतःच्या कॅमेऱ्यातून बघून लाल-हिरवा ठरवतोय.

आज मी केबल जोडायला गेलो, आणि बघतच राहिलो. डोक्यावर मेथीची पाटी घेतलेली एक बाई गुडघा दुखत असल्यानं लंगडत रस्ता ओलांडत होती. मध्येच थांबून तिनं पाटी सावरली, तर सिग्नलही तिच्यासाठी थांबला, गाड्यांना लालच राहिला. एरवी तिला मी इथून पदर दातांत धरून पळतानाच पाहिलंय. क्लाउडला अख्ख्या शहराचा वेग दिसतो, तिचा दुखरा गुडघा दिसत नाही. मग हुशार कुणाला म्हणायचं? लांबून सगळ्यांना हाकणाऱ्याला, की समोरच्या माणसासाठी क्षणभर थांबणाऱ्याला?

साहेबांचा फोन आला. “अजून जोडली नाही केबल?”

“जोडतोय, साहेब. चौकाची खबर तुमच्याकडे येईल. पण तुमच्या क्लाउडचा हुकूम चौकात येणार नाही. सिग्नल इथलाच संगणक ठरवेल.”

“हे कुणाला विचारून ठरवलंत?”

पाटीवाली एव्हाना पलीकडे पोचली होती, न पळता.

“कुणाला विचारलं नाही,” मी म्हणालो. “इथं उभं राहून पाहिलं.”