गल्लीतला नळ आणि माझी कंबर

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही, मुलांना तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही — ऐकून झाल्यावर उद्या माझ्या ओट्यावर बसून तोंड वाकडं करणार नाही.

शिक्षण माझं वलगावच्या शाळेत, चौथीपर्यंत. मध्ये अडखळले तर अडखळले.

सुमित्रा माझी नणंद. अमरावतीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची. सरकारचं बजेट कसं बनतं, त्यात लिहिलेला पैसा पोचतो कुठं आणि मध्येच वळतो कुठं, यावर तिनं जन्म काढला. तिची पुस्तकं पोरं परीक्षेला वाचतात. या सगळ्याची सुरुवात अकोल्यात, आमच्या गल्लीत झाली, असं लोक सांगतात. खरं आहे. आणि तिथंच माझं पाप — नाही, पाप नको म्हणायला. आम्ही बौद्ध माणसं. पाप म्हटलं की ते कुठंतरी धुऊन येता येईल असं वाटतं. लबाडी म्हणते.

पण आधी घर सांगते. दीक्षा घेऊन एक-दोन वर्षं झाली होती. माझे मालक जिनिंग प्रेसमध्ये कापसाच्या गठाणी बांधायचे. दोन लेकरं माझी, लहान. सासू-सासरे नव्हते, म्हणून सुमित्रा आमच्यातच. गल्लीत नळ नव्हता. पाणी प्रेसच्या विहिरीवरून आणायचं, आणि ते सुमित्रा आणायची. डोक्यावर दोन गुंड्या, काखेत माझं धाकटं, आणि तोंडानं कॉलेजचा धडा चाललेला. अशानं ती बी.ए. झाली. आमच्या सगळ्या गणगोतात कोणी झालं नव्हतं.

मग एम.ए.चं निघालं. अमरावतीला प्रवेश मिळाला, होस्टेलमध्ये जागा मिळाली. मालकांनी पगारातून थोडं थोडं बाजूला काढून एका डब्यात ठेवलं होतं. तो डबा सुमीचा, त्याला कोणी हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. जायच्या आदल्या दिवशी मालक जेवता जेवता म्हणाले, "आपल्या घरातून पयली पोरगी चालली." एवढंच म्हणाले. पण त्यांचा चेहरा — तसा चेहरा त्यांनी माझ्याकडं बघून कधी केला नव्हता.

चौथीत मी वर्गात पहिली आले होते. वलगावात कोणी म्हटलं का, पहिली पोरगी? बापानं दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला नेलं. हे कारण म्हणून सांगत नाही. माझ्या बापानं केलं त्यात सुमित्राचा काय दोष? मी जळले, एवढं खरं.

आणि पाण्याचंही होतं. ती गेल्यावर त्या गुंड्या कोणाच्या डोक्यावर येणार?

सकाळी तिची पेटी दारात होती. मी गुंडी उचलायला वाकले आणि — कसं सांगू? वाकले तेव्हा मनात काही नव्हतं. वर येताना होतं. "माय वं," म्हटलं आणि तिथंच बसले. उठता येत होतं. उठले नाही.

पूर्वीचे दिवस असते तर अंगात आणलं असतं, बाया आणायच्या तसं. पण देव आम्ही घरातून काढले होते. आता माझ्या अंगात येणार तरी कोण? म्हणून कंबर धरली.

सुमित्रानं पेटी आत नेली. आठ दिवसांनी जाते म्हणाली. आठ दिवसांनी मी कूस बदलताना कण्हले. ती माझ्या कमरेला शेक द्यायची, लेकरांना न्हाऊ घालायची, पाणी भरायची. एकदाही कपाळाला आठी नाही. तिनं एक आठी घातली असती तर मला बरं वाटलं असतं.

मालकांनी रहीमचाचांना आणलं. आमच्या मागच्या गल्लीत राहायचे, हाडं बसवण्यात त्यांचं नाव होतं. त्यांनी मणक्यावरून अंगठा फिरवला, वरून खाली, सावकाश. मग मालक पाणी आणायला आत गेले तेव्हा हळूच म्हणाले, "बेटी, कमर को कुच नहीं हुआ तेरे. मैं नहीं बोलूंगा. तूच बोल." मालक आले तेव्हा तेलाची बाटली ठेवून, आराम करू द्या म्हणून गेले. चाचा पुढं वारले. मी बोलले नाही.

होस्टेलची जागा दुसऱ्या मुलीला गेली. डब्यातलं तेला-औषधात गेलं, उरलं त्याचे छपरावर पत्रे आले. पत्रे लागत होतेच, मालक म्हणाले. सुमित्रा हो म्हणाली.

मधल्या काळात मी घरातल्या घरात थोडी हिंडू लागले होते. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरायची वेळ आली, आणि मी पुन्हा कंबर धरली. पहिल्यांदा वाकताना सुचलं म्हणता येईल. दुसऱ्यांदा? दुसऱ्यांदा मी ठरवून केलं.

आता नळाचं. सुमित्रा नगरपालिकेत जाऊन विचारून आली होती, आमच्या गल्लीत नळ केव्हा येणार म्हणून. तिला सांगितलं, बजेटात तरतूद आहे. ती खुशीत आली. वर्ष सरलं, नळ नाही. पुन्हा गेली. तेव्हा म्हणाले, ती तरतूद वळवण्यात आली. कशावर? दुसऱ्या एका रस्त्याच्या खडीवर. कोणी वळवली? कारकून म्हणे साहेबांना विचारा, साहेब म्हणे कमिटीला विचारा, कमिटीतले म्हणे सभेत ठरलं. सभेत कोण बोललं? आठवत नाही.

ती बजेटाच्या सभेला जाऊन बसायला लागली. लोकांसाठी मागं एक बाक असायचा, तिथं माझं धाकटं मांडीवर घेऊन. मी घरी खाटेवर, आणि ती तिथं! सुरुवातीला मेंबर हसले. "नळवाली आली," म्हणायचे. ती घरी येऊन मला सगळं सांगायची, मेंबरांच्या नकला करून दाखवायची, आणि हसताना कंबर दुखल्याचं सोंग करायला मी विसरू नये म्हणून माझा जीव टांगणीला. एकदा एक मेंबर, धान्याचा व्यापारी होता, तिला जिन्यात म्हणाला, "बाई, तुमाले नळ पायजे का नाव पायजे?"

"दोनी," ती म्हणाली.

हे सांगताना ती अशी फुलली होती. मी पहिल्यांदा घाबरले. वाटलं, ही पोरगी एक दिवस खाटेपाशी येऊन मलाही विचारील.

तिनं विचारलं नाही.

नाव तिला सभेच्या जुन्या वहीत मिळालं, सभेत उभं राहून तिनं ते घेतलं. जिन्यातल्या त्या मेंबरचंच होतं; खडी त्याच्या गोदामाच्या रस्त्यावर पडली होती. त्यानं नाकारलं नाही, उलट दुसऱ्या सभेत नळाचा ठराव त्यानंच मांडला. उन्हाळ्याच्या आत गल्लीत नळ आला. बाया रांगेत उभ्या, भांडतायत, हसतायत. पहिली गुंडी सुमित्रानं भरली आणि माझ्या खाटेपाशी आणून ठेवली. "वहिनी, आता तुले वाकाचं काम नाही."

झालं. दारात नळ म्हटल्यावर माझ्या कमरेला दुखायला जागाच राहिली नाही. चार दिवसांत उठले. नळाचं पाणी मानवलं, असं शेजारणी म्हणाल्या. त्या पावसाळ्यात सुमित्रा अमरावतीला गेली. या वेळी मी तिच्या पेटीला हात लावला नाही, दारात उभी राहिले. मोटार निघेपर्यंत ती लेकरांना हात करत होती, आणि मला — खरं सांगते — हलकं वाटलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल तर असेल. एम.ए. झाली, नोकरी लागली, वऱ्हाडातल्या नगरपालिकांची बजेटं घेऊन गावोगाव फिरली, डॉक्टर झाली. तिच्या पहिल्या पुस्तकात पहिलाच धडा आमच्या नळाचा. पुस्तक निघालं तेव्हा कॉलेजच्या हॉलमध्ये सत्कार झाला. आम्ही अकोल्याहून मोटारीनं गेलो. मला पुढच्या ओळीत बसवलं.

ती बोलायला उभी राहिली आणि म्हणाली, माझ्या वहिनीची कंबर दुखली नसती तर मी दोन वर्षं अकोल्यात राहिले नसते, आणि त्या बाकावर बसले नसते. माझं सगळं काम तिच्या दुखण्यातून निघालं. मग मला वर बोलावलं. मी उठले, आणि हात आपोआप कमरेवर गेला. सवयीनं. हॉलमधल्या बाया च्-च् करू लागल्या. सुमित्रानं माझ्या गळ्यात हार घातला.

मी तो घालून घेतला. खाटेवर पडले त्यापेक्षा हे वाईट की नाही? येताना मोटारीत हार मांडीवर होता. मालक म्हणाले, "तुह्या कमरेनं नाव काढलं."

चांगलं झालं ना शेवटी, असं तुम्ही म्हणाल. झालं. त्या नळावर पाणी भरत गल्लीतल्या आणखी पोरी शिकल्या, माझी मुलगी शिकली. आज त्या भागातून जाताना मला बरं वाटतं. पण ते सुमित्रानं केलं. माझ्याकडून फक्त दोन वर्षं गेली, ती तिची होती. अमरावतीला ती वेळेवर गेली असती तर काय झाली असती, ते कोणाला माहीत? कदाचित यापेक्षाही मोठी.

ती पोरांना पहिल्या दिवशी फळ्यावर एकच लिहून द्यायची, असं तिचे विद्यार्थी सांगतात. बजेटात कुठंही "वळवण्यात आले" दिसलं की खाली विचारायचं — कोणी? नाव मिळेपर्यंत पुढं जायचं नाही. साऱ्या सरकाराला तिनं हे विचारलं, आपल्या घरात विचारायचं राहिलं. की तिला उत्तर ठाऊक होतं? तिच्या डोळ्यांकडं बघून मला कधीच कळलं नाही.

सुमित्रा अजून आहे. वाचते अजून, चष्मा लावून, रोज. हे छापून आलं की तिच्या हातात जाईल.

सुमे, तुझ्या नावाचा डबा होता. त्यातला पैसा आणि तुझी दोन वर्षं वळवण्यात आली.

मी वळवली.