मिशीतली गळती

घोरायचो मी आणि झोप उडायची बायकोची, अशी आमच्या घरात कामाची वाटणी होती. स्वतःचं घोरणं मला कधी ऐकू आलं नाही, त्यामुळे ते आहे हे मी बरीच वर्षं मान्यच केलं नाही. एकदा मेहुणीने मोबाइलवर रेकॉर्ड करून सगळ्यांना ऐकवलं, तेव्हा हा कूलरचा आवाज आहे असं मी ठणकावून सांगितलं. जयपुरात अर्धं वर्ष कूलर चालतो, तेव्हा उत्तर बिनतोड होतं. फक्त रेकॉर्डिंग डिसेंबरातलं होतं आणि ते बायकोने तिथल्या तिथे सांगून टाकलं.

ती जुन्या शहरातल्या एका शाळेत शिकवते. मानसरोवरहून मेट्रोने जायचं आणि चांदपोलला उतरायचं, हा तिचा रोजचा रस्ता. त्या हिवाळ्यात एकाच आठवड्यात दोनदा तिचं स्टेशन हुकलं. बसायला जागा मिळाली की डोळा लागायचा, आणि शेवटच्या स्टेशनवर कोणीतरी हलवून उठवायचं. शाळेत पोचेपर्यंत प्रार्थना झालेली असायची. मी तिला म्हणालो, शिकवणाऱ्या बाई झोपाळू असल्या तर मुलांचं कसं होणार?

त्याच शनिवारी संध्याकाळी ती मटार सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, तुमच्या घोरण्याची मला सवय झालीये. ते मध्येच थांबतं ना, त्याची होत नाही."

"थांबतं म्हणजे?"

"म्हणजे श्वासच थांबतो तुमचा. मग मी ऐकत पडते. परत सुरू झाला की जरा डोळा लागतो, तोवर परत थांबतो."

मी नेहमीप्रमाणे काहीतरी विनोद करणार होतो. पण बघतो तर ती बसल्या बसल्या झोपली होती, आणि अर्धी सोललेली शेंग तिच्या हातात तशीच होती. मला भीती वाटली. माझ्या श्वासासाठी नव्हे, तिच्यासाठीच वाटली. ती अशी किती दिवस चालवून नेणार होती, कोण जाणे.

मग तपासणी झाली. अंगभर वायरी चिकटवून मला झोपवलं आणि निकाल बायको म्हणत होती तोच आला. झोपेत घशातली वाट मिटते, श्वास अडतो, असं डॉक्टरीण बाईंनी समजावलं. त्यावर उपाय म्हणजे नाकावर मास्क लावून मशीनने सतत हवा देत राहायची, म्हणजे वाट उघडी राहते. हे ऐकून मी खूश झालो. रेल्वेत डब्यांच्या ब्रेकचं काम बघतो मी. नळीतली हवा, तिचा दाब आणि तिची गळती यांवरच आजवर माझं पोट भरलंय. बाई म्हणाल्या, दोन-तीन तऱ्हेचे मास्क लावून बघा आणि बसेल तो घ्या. मी कशाला बघतोय? मालवीय नगरच्या दुकानात जाऊन सगळ्यांत मोठा उचलला, नाक-तोंड दोन्ही झाकणारा. रबराची कड जितकी मोठी तितकी गळती कमी, असा माझा हिशेब होता.

हिशेब साफ चुकला. मशीनचा स्वतःचा आवाज अगदी हळू, पण मास्कच्या कडेतून हवा निसटायची आणि फुर्रर्र असा आवाज यायचा. मी पट्टे आवळायचो. नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठला, आवाज मात्र तसाच राहिला. ऑफिसात कोणी विचारलं की चष्म्याने झालं म्हणायचो. बायको कूस बदलत पडलेली असायची. "आता श्वास चालू आहे एवढं तरी कळतं," एवढंच ती म्हणायची. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं जास्तच गडद झाली होती. हे जमलं नाही तर मशीन पेटीत जाईल आणि ही पुन्हा माझ्या श्वासावर पहारा देत बसेल, हे मला कळत होतं.

शेवटी एका रविवारी मी ठरवलं की डब्याला जे करतो तेच इथे करायचं. ब्रेकच्या पाइपात गळती शोधायची आमची जुनी रीत आहे. सांध्यांना साबणाचं पाणी फासायचं, जिथे बुडबुडे येतील तिथे गळती. बाल्कनीत ऊन छान आलं होतं. एक्स्टेंशन बोर्ड ओढून मशीन तिथे मांडलं, खुर्चीत बसून मास्क चढवला आणि दाढीचा ब्रश बायकोच्या हातात दिला. तिने मास्कच्या कडेने सगळीकडे फेस लावला. हनुवटी ठीक निघाली, गालही ठीक निघाले. ओठाच्या वर मात्र बुडबुड्यांची रांगच लागली, आणि एक तर सुटून कुंडीतल्या तुळशीवर जाऊन बसला.

"मिशी," बायको म्हणाली, आणि ब्रश टाकून हसत सुटली. तिला इतकं हसताना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. मग हसू आवरून म्हणाली, "राहू द्या हो. मिशी नका काढू. होईल काहीतरी."

माझी मिशी मला फार प्रिय होती, उगीच खोटं कशाला बोलू? लग्नाच्या फोटोत ती आहे. वर्कशॉपमध्ये मी बोलायच्या आधी ती बोलायची, आणि जयपुरात तर मिशी असलेल्या माणसाला दुकानदारही जरा अदबीने वागवतात. पण बायकोचे ते डोळे बघून मी आत गेलो आणि मिशी उतरवून बाहेर आलो. मुळात गळती सापडल्यावर ती तशीच ठेवायची नाही, ही आमच्या खात्याची शिस्तच आहे.

संध्याकाळी थंडी होती म्हणून कानटोपी घालून मी दूध आणायला खाली उतरलो. डेअरीच्या बूथवर खालच्या मजल्यावरचे अंकलजी भेटले. इथलेच, निवृत्त, स्वतः भरघोस मिशीवाले. माझे वडील दर हिवाळ्यात भुसावळहून येतात तेव्हा दोघं गच्चीवर उन्हात पत्ते खेळत बसतात. त्या वर्षी वडिलांचं येणं लांबलं होतं. अंकलजींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, हातातलं दूध खाली ठेवलं आणि मला मिठीच मारली.

"बाबूजी कब गए? हमें खबर तक नहीं की?"

मला आधी कळेचना. मग उजेड पडला. इथे बाप गेल्याशिवाय माणूस मिशी काढत नाही. आपल्याकडेही बाप गेल्यावर काढतात, पण नुसती मिशी गेली म्हणून कोणी गळ्यात पडत नाही. त्यात डोक्यावर कानटोपी, त्यामुळे खालचे केस शाबूत आहेत हे त्यांना दिसणार कसं? मी गडबडीने म्हणालो, "अंकलजी, वो मशीन की वजह से..."

"मशीन पर थे? कितने दिन?" त्यांचे डोळे भरून आले आणि मिठी आणखी घट्ट झाली.

दुधाच्या बूथवर बापाचं जिवंत असणं सिद्ध करणं सोपं नाही. चार माणसं जमली होती. म्हटलं, घरी चला, तिथे सांगतो. जिना चढून वर येतो तो बातमी आमच्या आधीच पोचलेली. अंकलजींनी वाटेत घरी फोन केला असावा. त्यांच्या पत्नी आमच्या सोफ्यावर बायकोचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून त्यांनी खिचडीचं पातेलंही आणलं होतं, घरी जेवणासाठी केलेलं जसंच्या तसं उचलून. बायको गोंधळून माझ्याकडे बघत होती.

आंटीजी मला म्हणाल्या, "देखिए, रो-रोकर क्या हाल कर लिया है बेचारी ने आँखों का।"

ते वाक्य मला लागलं. बायको रडलेली नव्हती. ते तिचे रोजचेच डोळे होते.

मी सरळ वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर वडील आले, मागे अंकलजींचा रडवेला चेहरा त्यांनी पाहिला, मग माझा ओठ पाहिला.

"मी मेलो का रे?" त्यांनी विचारलं.

अंकलजी जोरात नाक पुसत हसायला लागले. "बाबूजी, अब तो आ ही जाइए। इस बार आपको हराकर ही वापस भेजूँगा।" वडिलांनी त्यांना त्यांच्या भुसावळी हिंदीत चार शब्द सुनावले आणि मोर्चा माझ्याकडे वळवला. बाप हयात असताना मिशी काढायची हिंमत झालीच कशी? मी सगळं सांगितलं, मशीन, मास्क, साबणाचा फेस. शेवटी म्हणालो, "बाबा, हिला झोप नाही मिळत. म्हणून काढली."

वडील हळू आवाजात म्हणाले, "तुझी आई पण जागी असायची. कधीही कूस बदलली तरी जागीच. मला वाटायचं, हिला झोपच कमी लागते." आणि फोन ठेवताना म्हणाले, "बरं केलंस."

आई जाऊन बरीच वर्षं झाली. त्या संध्याकाळी आम्ही चौघांनी मिळून खिचडी खाल्ली. फार चांगली झाली होती.

पुढच्या भेटीला डॉक्टरीण बाईंना मी मोठ्या ऐटीत सफाचट ओठ दाखवला. त्या म्हणाल्या, "मिशी का काढलीत? मिशीवाल्यांसाठी छोटा मास्क असतो की. नुसता नाकपुड्यांशी बसतो, ओठाला लागतसुद्धा नाही. म्हणून तर म्हटलं होतं, लावून बघा." शेजारच्या खुर्चीत बायको ओढणीत तोंड लपवून हसत होती.

तो छोटा मास्क म्हणजे रबराची दोन मऊ बोंडं आणि एक पट्टा. पहिल्या दिवशी नाकात गुदगुल्या झाल्या आणि मी सारखा शिंकलो. मशीनच्या डबीत पाणी भरून हवा ओलसर केली तेव्हा ते थांबलं. मग रविवारी दुपारी तो लावून क्रिकेट बघायची सवय केली. मॅच बघता बघता मी स्वतःच डोलायला लागलो आणि बायकोने टीव्ही बंद केला. फुर्रर्र कुठेच नव्हतं. हळूहळू मास्क आहे हे मी विसरायला लागलो. सकाळी डोकं हलकं असायचं आणि ऑफिसात फाइलवर मान पडेनाशी झाली. मिशीही पुन्हा उगवू लागली. अंकलजी तिच्यावर बारीक लक्ष ठेवून होते.

खिचडीचं पातेलं आमच्याकडेच राहिलं होतं. रिकामं कसं द्यायचं, म्हणून त्यात भरून द्यायला बायको शंकरपाळे करणार होती आणि ते राहूनच जात होतं. होळीच्या जरा आधीच्या एका रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला बेल वाजली. दार मी उघडलं. आंटीजी पातेलं न्यायला आल्या होत्या. मला बघून त्या दचकल्या, कारण इतक्या वर्षांत त्या वेळी दार नेहमी बायकोनेच उघडलं होतं. ऊन बाल्कनीतून आत खोलीपर्यंत आलं होतं.

"भाभीजी कहाँ हैं? तबीयत तो ठीक है?"

"सो रही हैं," मी म्हणालो.

"अभी तक?"

"अभी तक." हॉस्टेलला राहून शिकणारी आमची मुलगी दहावीला पहिली आली होती, तेव्हाही मी इतक्या तोऱ्यात सांगितलं नसेल.

आंटीजींनी लगेच आवाज खाली आणला, पातेलं नंतर नेईन म्हणाल्या, आणि चपला वाजू नयेत म्हणून जिना हळूहळू उतरल्या. मी कडी न वाजवता दार लावलं आणि खोलीच्या उंबऱ्यात जाऊन उभा राहिलो. बायको तोंडावर ऊन घेऊन झोपली होती. मी कान देऊन ऐकलं. तिचा श्वास एकसारखा चालला होता, आणि तो नीट चाललाय हे कळल्यावरही मी ऐकतच राहिलो.